कुत्रा चावलेला रुग्ण समोर आला की: नव्या डॉक्टरांसाठी

रेबीजवरचा प्रश्न परीक्षेत आला तर सहसा कुणाचे मार्क जात नाहीत. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा विषाणू, जखमेच्या तीन श्रेणी, लसीचे दिवस, सगळं पाठ असतं. तोच माणूस सहा महिन्यांनी रात्रपाळीला बसतो, पोटरी धरून कुणीतरी लंगडत आत येतं, आणि याचा हात पहिल्यांदा जातो तो लसीच्या फ्रीजकडे.

लस टोचायला कुणी विसरत नाही. चुका होतात त्या लसीच्या आधी: नळाखाली, जखमा मोजताना, आणि सीरमची सुई नेमकी कुठे घालायची हे ठरवताना. म्हणून हा लेख लसीपासून सुरू करत नाही.

एवढं एकदा डोक्यात बसवा, मग पुढचं पाठ करावं लागत नाही. लाळेतला विषाणू जखमेत उतरतो. तिथल्या स्नायूत काही काळ राहतो, वाढतो, मग जवळच्या मज्जातंतूत शिरतो आणि तंतूच्या आतून मेंदूकडे सरकत जातो. एकदा तंतूत शिरला की प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडीजच्या) तावडीतून जवळजवळ सुटला. लस दिल्यावर शरीराला स्वतःची पुरेशी प्रतिपिंडं बनवायला 7 ते 14 दिवस लागतात. मधल्या या उघड्या दिवसांत रुग्णाला वाचवतात दोनच गोष्टी: धुतलेली जखम आणि जखमेत भरलेलं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं सीरम. लक्षणं सुरू झाल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो, म्हणजे आपल्या हातात जे आहे ते सगळं लक्षणांच्या अलीकडचं.

आधी नळ

रुग्ण म्हणेल, "घरी धुऊन आलोय." ऐकून घ्या आणि पुन्हा धुवा. घरचं धुणं म्हणजे बहुतेक वेळा तांब्याभर पाणी आणि वरून फडकं. आपल्याला हवी आहेत घड्याळ लावून पूर्ण 15 मिनिटं, वाहत्या पाण्याखाली, साबण लावून. विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं. साबणाने ते विरघळलं की विषाणू निकामी होतो. अंगाला लावायचा कुठलाही साबण चालतो, खास काही लागत नाही.

15 मिनिटं किती लांब असतात हे एकदा स्वतः नळाशी उभं राहून बघा. चौथ्या मिनिटालाच आपण "झालं" म्हणतो. खोल दाताच्या जखमेत पाणी आतपर्यंत गेलं पाहिजे. सुई काढलेल्या सिरिंजने सलाईन किंवा पाणी जोराने आत सोडता येतं. डोळ्यात लाळ गेली असेल तर डोळा नुसत्या पाण्याने भरपूर धुवायचा, साबण नाही. धुऊन झाल्यावर पोव्हिडोन आयोडीन किंवा तत्सम जंतुनाशक लावा.

रुग्णाने तेल, तिखट, चुना, कसला पाला असं काही लावून आणलेलं असेल तर तेही याच वेळी निघून जायला हवं. रागावू नका, पुढच्या वेळी काय करायचं ते सांगा. आणि हो, जखम जाळायची नाही. कॉटरी मारणारे ज्येष्ठ अजून भेटतात, त्यांच्याशी वाद नंतर घाला, पण तुमच्या रुग्णाच्या जखमेवर ते होऊ देऊ नका.

टाके घालू नका. फाटलेल्या कातडीत सुई फिरवली की विषाणूला नव्या तंतूंची तोंडं उघडी करून दिल्यासारखं होतं. रक्त थांबतच नसेल किंवा चेहऱ्याची मोठी फाटलेली जखम असेल आणि टाके टळतच नसतील, तर आधी इम्युनोग्लोब्युलिन जखमेत भरायचं, मग काही तास थांबून कमीत कमी, सैल टाके. धनुर्वाताचं इंजेक्शन रुग्णाच्या आधीच्या डोसांप्रमाणे. जखम खोल, हातावरची किंवा मळलेली असेल तर अँटिबायोटिकचाही विचार करा. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट सहसा पहिली निवड.

मग जखमा मोजा, सगळ्या

माझ्या इंटर्नशिपमधली एक चूक सांगतो. चार-पाच वर्षांचा मुलगा, पोटरीवर दातांच्या दोन ठसठशीत खुणा. मी नीट धुतलं, सीरम भरलं, लस दिली, कार्ड लिहून आईच्या हातात ठेवलं. आई त्याला शर्ट घालत होती. तेवढ्यात सिस्टर आल्या, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उजव्या कानामागचे केस दोन बोटांनी बाजूला केले. तिथे तांदळाच्या दाण्याएवढा ओरखडा, वर सुकलेल्या रक्ताचा ठिपका. त्यांनी काहीही न बोलता मुलाला परत टेबलावर बसवलं. पोटरीपासून मेंदू लांब असतो. कानामागून फार लांब नसतो.

तेव्हापासून माझा नियम: लहान मूल असेल तर कपडे उतरवायचे, केस विंचरल्यासारखे बोटांनी पाहायचे, कानांमागे, बोटांच्या बेचक्यांत, पाठीवर, सगळीकडे. कुत्रा चावलेल्यांत साधारण 40 टक्के 15 वर्षांखालची मुलं असतात, आणि लहानग्यांचं डोकं बरोबर कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला येतं. शिवाय ओरडा बसेल म्हणून मुलं सांगत नाहीत. केसपेपरवर माणसाची साधी आकृती काढून प्रत्येक जखमेला क्रमांक द्या. पुढे सीरम भरताना तोच नकाशा कामी येतो.

श्रेणी ठरवणं

जागतिक आरोग्य संघटनेच्या तीन श्रेणी तुम्हाला माहीत आहेत. प्राण्याला हात लावला, खायला घातलं, अखंड कातडीवर त्याने चाटलं: पहिली, काही देण्याची गरज नाही. उघड्या कातडीवर दातांनी चिमटा घेतला, रक्त न येता खरचटलं: दुसरी, लस. कातडी भेदून चावा किंवा ओरखडा, फाटलेल्या कातडीवर लाळ, तोंड-डोळे-नाक अशा ओल्या पडद्यावर लाळ, किंवा वटवाघळाशी थेट संपर्क: तिसरी, लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही. धुणं अर्थातच दोन्हींत.

घोळ होतो तो दुसरी आणि तिसरीच्या सीमेवर. "रक्त आलं नव्हतं" हे रुग्ण सांगतो, पण त्याने पाहिलेलं असतंच असं नाही. भिंगातून पाहा, जखम हलकी दाबा, कडेला सुकलेली लाल रेघ आहे का बघा. शंका उरली तर वरची श्रेणी धरा. एक रक्ताचा टिपूससुद्धा तिसरीत नेतो. जखम लहान म्हणून धोका लहान, हा हिशोब रेबीजला लागू नाही. वटवाघळाचा चावा तर कधी कधी दिसतही नाही, म्हणून ते थेट तिसरीत.

"मी त्याच्या शेपटीवर पाय दिला म्हणून चावला" हे ऐकून निर्धास्त होणारे डॉक्टर मी पाहिलेत. पिसाळलेल्या कुत्र्याच्या शेपटीवरही पाय पडू शकतो. डिवचल्याने चावला यावरून उपचार टाळायचे नाहीत.

सीरम: सुई जखमेत

सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून जरा सावकाश.

मात्रा वजनावर ठरते. घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं इम्युनोग्लोब्युलिन किलोला 40 युनिट, मानवी असेल तर किलोला 20 युनिट. मोनोक्लोनल (प्रयोगशाळेत बनवलेल्या, एकाच प्रकारच्या) प्रतिपिंडांची मात्रा उत्पादनागणिक वेगळी असते, ती बाटलीसोबतच्या पत्रकातूनच घ्या. ही कमाल मात्रा आहे, ओलांडायची नाही; जास्त झाली तर लसीने तयार होणाऱ्या प्रतिकारशक्तीतच अडथळा येऊ शकतो.

उदाहरण घेऊ. 15 किलोचं मूल, घोड्याचं सीरम. 15 गुणिले 40 म्हणजे 600 युनिट. बाटलीवर एका मिलीलीटरला 300 युनिट लिहिलं असेल तर 2 मिली. (बाटली दरवेळी वाचा, तीव्रता सगळ्यांची सारखी नसते.) आता मुलाला सहा जखमा आहेत आणि हातात 2 मिली. शेवटच्या दोन जखमांना काहीच उरत नाही. अशा वेळी नॉर्मल सलाईनने दुप्पट-तिप्पट पातळ करा, म्हणजे 4 ते 6 मिली होईल, आणि प्रत्येक जखमेला वाटा मिळेल. नकाशावरचा एकेक क्रमांक खोडत जा.

सुई जखमेच्या तळाशी आणि कडांच्या आत घालायची, थोडं थोडं सोडत बाहेर यायचं, मग शेजारी. कडा किंचित फुगलेल्या दिसल्या पाहिजेत. जिथे शरीराची रचना मोठा डोस घेऊ देत नाही, उदाहरणार्थ बोटाचं टोक, नाकाचा शेंडा, तिथे बेताने. बोट ताठ होऊन पांढरं पडायला लागलं की थांबा. आत दाब वाढून रक्तपुरवठा अडला तर बोटच धोक्यात येतं.

जुन्या पुस्तकांत "अर्धं जखमेत, अर्धं कुल्ल्यात" असं सापडेल. ते विसरा. कुल्ल्यातल्या सीरमचा जखमेतल्या विषाणूला फारसा उपद्रव होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये हे स्पष्टच केलं: जखमेत आणि जखमेभोवती जेवढं मावेल तेवढं भरा, उरलेलं दूर कुठेतरी स्नायूत टोचायचा आग्रह नको. निर्जंतुक राखलं असेल तर ते दुसऱ्या रुग्णासाठी वापरता येतं. सीरमचा तुटवडा हा नेहमीचाच विषय असल्याने ही फार उपयोगाची गोष्ट आहे. तुटवड्यात प्राधान्य कुणाला? डोकं, मान, हात अशा तंतूंनी भरलेल्या जागेच्या जखमा, अनेक किंवा खोल चावे, प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण, आणि प्राणी पिसाळलेला असल्याची खात्री किंवा दाट शंका.

घोड्याच्या सीरमची कातडीवरची चाचणी हाही जुना वाद. चाचणी निगेटिव्ह आली तरी ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे अचानक येणारी जीवघेणी ॲलर्जी, होऊ शकतो, आणि पॉझिटिव्ह आलेल्या कित्येकांना काहीच होत नाही. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटना चाचणीची शिफारस करत नाही. तुमच्या संस्थेचा नियम वेगळा असेल तर तो पाळा, पण ॲड्रिनलिन भरलेली सिरिंज टेबलावर हाताशी हवी आणि रुग्ण किमान अर्धा तास डोळ्यासमोर हवा. आठवडाभराने अंगावर पित्त, सांधेदुखी, ताप आला तर परत यायला सांगा. तो सीरम सिकनेस, म्हणजे सीरमवर शरीराने उशिरा दिलेली प्रतिक्रिया, असू शकतो.

सीरम आत्ता नाहीच मिळालं तर? लस अडवून ठेवू नका. जखम अधिक काळजीने धुवा, लस लगेच द्या, आणि सीरम शोधत राहा. लसीच्या पहिल्या डोसापासून सातव्या दिवसापर्यंत ते देता येतं. त्यानंतर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं यायला लागलेली असतात, मग देऊ नये.

लस

हा भाग तुलनेने सोपा. कातडीत द्यायची असेल तर 0.1 मिली, दोन जागी, दिवस 0, 3 आणि 7. हे जागतिक आरोग्य संघटनेचं एका आठवड्याचं वेळापत्रक. बऱ्याच ठिकाणी याला 28 व्या दिवसाची फेरीही जोडलेली असते. स्नायूत द्यायची तर पूर्ण बाटली, 0, 3, 7 आणि मग 14 ते 28 च्या दरम्यान चौथी; जुन्या पद्धतीत पाच डोस, 0, 3, 7, 14, 28. किंवा झाग्रेब पद्धत: पहिल्या दिवशी दोन्ही दंडांत एकेक, मग 7 आणि 21. तुमच्याकडे जे अधिकृत असेल तेच धरा, मनाने मिसळ करू नका.

दिवस 0 म्हणजे पहिल्या डोसाचा दिवस, चावल्याचा नव्हे. सोमवारी कुत्रा चावला, रुग्ण बुधवारी आला, तर बुधवार 0, शनिवार 3, पुढचा बुधवार 7. कार्डावर आकडे नको, तारीख आणि वार लिहा. "तीन दिवसांनी या" म्हटलं की निम्मे शुक्रवारी येतात आणि निम्मे रविवारी.

कातडीतलं इंजेक्शन पहिल्यांदा देताना हात कापतो, हे सगळ्यांचं होतं. इन्सुलिनची सिरिंज, सुईचं तिरपं तोंड वर, सुई कातडीला जवळजवळ समांतर. औषध सोडताना अडखळल्यासारखं वाटलं पाहिजे आणि संत्र्याच्या सालीसारखा खळगेदार, पांढुरका फुगवटा उठला पाहिजे. सहज आत गेलं आणि फुगवटा आला नाही तर सुई कातडीखाली गेली; तो डोस धरू नका, शेजारी पुन्हा द्या. बाटली अर्ध्या मिलीची असो की एक मिलीची, कातडीतली मात्रा 0.1 मिलीच. लस विरघळवल्यावर ती 2 ते 8 अंशांत ठेवून 6 ते 8 तासांत संपवायची, उरलेली फेकायची.

स्नायूतली लस दंडात. दोन वर्षांखालच्या बाळांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यात कधीही नाही. तिथल्या चरबीत लस अडकते आणि प्रतिपिंडं कमी तयार होतात. सीरम ज्या जागी दिलं तिथे लस नको आणि दोन्हींना एकच सिरिंज नको.

रुग्णाला पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती असते. ती प्राण्यांच्या मेंदूपासून बनवलेल्या जुन्या लसीची गोष्ट; आताची लस पेशींवर वाढवलेली असते. हे एका वाक्यात सांगितलं तर तो पुढच्या फेरीला यायची शक्यता बरीच वाढते. एखादी फेरी चुकली तर पहिल्यापासून सुरू करायचं नाही, जिथे थांबलं तिथून पुढे.

दहा दिवस: वाट बघायची नाही, मोजायचे

कुत्रा किंवा मांजर ओळखीचं असेल तर त्याच्यावर 10 दिवस लक्ष ठेवतात. कारण लाळेत विषाणू यायला लागला की प्राणी काही दिवसांत आजारी पडून मरतो. दहाव्या दिवशी तो ठणठणीत असेल तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, आणि लस तिथे थांबवता येते. मात्र पहिला डोस पहिल्याच दिवशी जातो. "दहा दिवस बघू, मेला तर या" असं सांगणं म्हणजे रुग्णाचे दहा दिवस विषाणूला देऊन टाकणं. हा नियम कुत्रा-मांजरापुरताच आहे; वटवाघूळ, कोल्हा, माकड यांना लावू नका. कुत्र्याला लस दिली आहे असं मालक म्हणाला, तरी तेवढ्यावर उपचार टाळू नका. उंदीर, घूस, ससा यांच्या चाव्यात सहसा रेबीजचे उपचार लागत नाहीत.

अडखळायला लावणारे रुग्ण

गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई: पूर्ण उपचार, काहीही वगळायचं नाही. इतक्या जीवघेण्या आजारापुढे लसीला निषिद्ध अशी अवस्था नसते.

दोन महिन्यांनी आलेला: आजच चावला असं धरून उपचार. लक्षणं दिसायला साधारण दोन-तीन महिने लागतात, पण आठवडा ते वर्ष, क्वचित त्याहूनही जास्त लागू शकतं. जखम भरत आली असली तरी पूर्वी लस घेतली नसेल तर सीरमसुद्धा. याच लांब कालावधीमुळे चावल्यानंतरची लस मुळात शक्य झाली. 1885 साली 4 जुलैला कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला पाश्चरच्या लसीचं पहिलं इंजेक्शन मिळालं ते 6 जुलैला, आणि मुलगा वाचला.

पूर्वी पूर्ण कोर्स झालेला, कार्ड हातात: सीरम नाही. लसीचे दोनच डोस, दिवस 0 आणि 3. तीन महिन्यांच्या आत पुन्हा चावला असेल तर फक्त जखम धुणं पुरतं. कार्ड नसेल आणि सांगणं गोंधळाचं असेल तर नवा रुग्ण धरा.

एचआयव्ही, कर्करोगाचे उपचार, स्टिरॉइड्स: दुसऱ्या श्रेणीतही सीरम द्या, पूर्ण कोर्स द्या, आणि शक्य असेल तिथे शेवटच्या डोसानंतर 2 ते 4 आठवड्यांनी प्रतिपिंडांची पातळी पाहा. मिलीलीटरला 0.5 युनिट किंवा जास्त हवी.

लक्षणं घेऊन आला तर

चावलेल्या जागी मुंग्या, खाज, ताप, मग पाण्याचा पेला ओठांशी नेताच घशाला येणारा आचका, पंख्याच्या वाऱ्यानेही येणारा आचका. हे चित्र एकदा पाहिलं की विसरत नाही. पण साधारण पाचातला एक रुग्ण असा नसतोच: चावलेल्या अंगापासून लुळेपणा चढत जातो आणि गियाँ-बारे (लुळेपणा आणणारा मज्जातंतूंचा वेगळाच आजार) समजून उपचार सुरू होतात. लुळेपणाच्या प्रत्येक रुग्णाला गेल्या वर्षभरात प्राणी चावला होता का, ओरखडला होता का, एवढं विचाराच.

आता लस-सीरमचा उपयोग नाही. शांत, कमी उजेडाची खोली, गुंगीची आणि वेदनेची औषधं, तहान कमी लागावी म्हणून शिरेतून द्रव, आणि नातेवाइकांशी खरं बोलणं, बसून. सेवा करणाऱ्यांपैकी ज्यांच्या डोळ्यात, तोंडात किंवा जखमेवर रुग्णाची लाळ गेली त्यांना उपचार द्या. नुसतं शेजारी बसलेल्यांना गरज नाही, पण त्यांची भीती घालवायला वेळ द्या.

आणि तुमची स्वतःची लस

संपर्काआधीची लस दोन फेऱ्यांत होते: दिवस 0 आणि दिवस 7, कातडीत दोन जागी 0.1 मिली किंवा स्नायूत एक डोस. पुढे कधी चावा बसला तर सीरम लागत नाही. वॉर्डात नवीन इंटर्न आले की मी पहिल्या दिवशी हेच विचारतो, घेतलीय का. बहुतेक एकमेकांकडे बघतात. मग त्यांनाच एकमेकांच्या दंडात फुगवटा उठवायला लावतो. सरावही होतो, आणि पहिला फुगवटा नीट न उठल्याची बोंब रुग्णाऐवजी मित्र मारतो.